पोर्ट चकचकीत करण्याआधी वॉल्व्ह नीट बसवा

इंजिनाची ताकद वाढवायची ठरली की मोठा कॅमशाफ्ट (वॉल्व्ह उघडणारा दांडा), मोकळा सायलेन्सर, घासून चकचकीत केलेले पोर्ट (हेडमधल्या हवा आणि धुराच्या वाटा) यांच्या गप्पा सुरू होतात. पण दाबलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण वॉल्व्हच्या सीटवरून (वॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कड्यावरून) निसटत असेल, तर त्या खर्चाचा उपयोग चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून हेड (सिलिंडरवरचं, वॉल्व्ह असलेलं झाकण) खाली उतरलं की पहिलं काम गाईड (वॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), सीट आणि वॉल्व्हचं. इथली मापं ॲल्युमिनियम हेड असलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनासाठी आहेत. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळं माप असेल तर तेच खरं धरा.

मराठवाड्यात हेडला दोन गोष्टी नडतात. पहिली म्हणजे रेडिएटरमध्ये ओतलेलं बोअरचं पाणी. आपल्याकडचं काळ्या पाषाणातलं हे पाणी जड असतं. तापलं की त्यातला क्षार हेडमधल्या पाण्याच्या वाटांना धरतो, आणि धातू जिथे सर्वांत गरम तिथे जास्त धरतो. मग मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना भरल्या गाडीने कन्नडजवळचा औट्रम घाट चढायला घेतला की काटा लाल रेषेकडे सरकतो आणि हेड वाकतं. दुसरी गोष्ट, मागाहून बसवलेलं सीएनजी किट. पेट्रोलचे थेंब वॉल्व्ह आणि सीटला थोडा गारवा देतात. गॅस कोरडा असतो. साधी सीट हळूहळू हेडमध्ये खचते, वॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचा गॅप (वॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली मोकळी जागा) संपतो आणि वॉल्व्ह पुरता मिटेनासा झाला की त्याची कड जळते.

खोलण्याआधी

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब) मोजून लिहून ठेवा. एखादं कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढला तर वॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यता मोठी. रिंगाच गेल्या असतील तर नुसतं हेड चांगलं करून भागत नाही, उलट इंजिन जास्त ऑइल खायला लागतं.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच सैल करा. कडेकडून मध्याकडे, प्रत्येक बोल्ट आधी पाव फेरा, मग अर्धा. गरम हेड घाईने सोडलं तर तिथेच वाकतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून वॉल्व्ह, स्प्रिंग, रिटेनर, लॉक सगळं क्रमाने त्यात लावा. वॉल्व्ह काढण्याआधी स्प्रिंगच्या बैठकीपासून वॉल्व्हच्या टोकापर्यंतची उंची प्रत्येक ठिकाणी मोजून ठेवा. ही एक नोंद नसली की पुढे स्प्रिंग आणि टॅपेटचा हिशेब जमत नाही.

धुताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ॲल्युमिनियमचं हेड कॉस्टिक सोड्यात उकळायचं नाही. लोखंडी हेडला तो चालतो. ॲल्युमिनियमला तो खातो, पृष्ठभाग काळा पडतो आणि तयार सपाटी बिघडते. डिझेल किंवा डिकार्बनायझर, पितळी किंवा नायलॉनचा ब्रश आणि लाकडी खरवडणी पुरे. गॅस्केटचे तुकडे काढायला ग्राइंडरवर पॅड लावून फिरवू नका, त्यानेच खड्डे पडतात.

सपाटी आणि तडा

सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर मोजा. ०.०५ मिमीचं पातं कुठेही शिरलं तर फेसिंग (तळ छिलून सपाट करणं) लागतं. तडा शोधायला डाय पेनिट्रंटच्या तीन बाटल्या (धुणारी, लाल आणि पांढरी) लागतात. पाहायची जागा म्हणजे दोन सीटमधली पट्टी आणि प्लगचं भोक. गाडी तापून बंद पडलेली असेल तर प्रेशर टेस्टही करा: पाण्याच्या वाटा बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून हवा भरायची आणि बुडबुडे पाहायचे. काही तडे थंड धातूत मिटलेले असतात, म्हणून पाणी गरमच हवं.

छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि वाळूज औद्योगिक वसाहतींत मशीन शॉप आहेत. हेड नेताना तोंडी सांगू नका, किती मिमी काढायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. बहुधा ०.१ ते ०.२ मिमीत काम होतं. फेसिंग करूनही कॅमशाफ्ट हाताने सहज फिरत नसेल, तर हेड वरच्या बाजूलाही वाकलेलं आहे; खालून कितीही छिललं तरी कॅमचे जर्नल (तो फिरतो त्या बैठका) सरळ होत नाहीत.

जास्त छिलून कॉम्प्रेशन वाढवायचा मोह असतो. ७४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५.५ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची चाल) १.३ लिटर इंजिन घ्या. एका सिलिंडरचं घनफळ सुमारे ३२५ सीसी. कॉम्प्रेशनचं प्रमाण ९ ला १ असेल तर वरची जागा ४०.६ सीसी. चेंबरचं (हेडमधल्या जळण्याच्या जागेचं) तोंड ३२ चौरस सेंटिमीटर धरलं तर ०.५ मिमी छिलल्यावर १.६ सीसी जागा जाते आणि प्रमाण जेमतेम ९.३ होतं. एवढ्या लाभासाठी कॅम क्रँककडे अर्धा मिमी सरकतो आणि वॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग मागे पडतं. साध्या पेट्रोलवर, आपल्या उन्हात नॉकिंगचा (मिश्रण आपोआप पेटून ठोके पडण्याचा) धोका वाढतो तो वेगळाच.

गाईड, मग सीट

हा क्रम उलटा करू नका. सीट कापणारं कटर गाईडमध्ये बसून फिरतं; गाईड ढिलं तर सीट तिरकी. वॉल्व्ह दांडी आणि गाईडमधला गॅप इनटेकला (मिश्रण आत घेणाऱ्या वॉल्व्हला) साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टला (धूर बाहेर सोडणाऱ्याला) ०.०३ ते ०.०६ मिमी हवा. इनटेकला ०.०७ किंवा एक्झॉस्टला ०.०९ च्या पुढे गेला की गाईड बदला. हेड भट्टीत सगळीकडून सारखं ८० ते १०० अंशांपर्यंत तापवून जुनं गाईड चेंबरच्या बाजूने स्प्रिंगच्या बाजूला ठोकून काढायचं, नवं बसवून रीमर (भोक मापात आणणारं कटर) फिरवायचा. गॅसची ज्योत एकाच जागी धरली तर हेड पुन्हा वाकेल.

गाईड बदललं तिथे सीट कापावीच लागते. मुख्य कोन ४५ अंश, वरचा ३० आणि खालचा ६०. कापल्यावर वॉल्व्हला निळं (ठसा उमटवायचा रंग) लावून फिरवा. ठसा वॉल्व्हच्या तोंडावर मधोमध उमटायला हवा. बाहेरच्या कडेकडे गेला तर ३० चं कटर, आत दांडीकडे गेला तर ६० चं. रुंदी इनटेकला १ ते १.५ मिमी, एक्झॉस्टला १.५ ते २. एक्झॉस्टची सीट रुंद ठेवण्याचं कारण असं, की बंद असताना वॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटमधूनच हेडला देतो. अरुंद सीट लवकर मिटते खरी, पण वॉल्व्ह जळतो. सीएनजीवर चालणारी गाडी असेल तर जुनी सीट खोल कापत बसण्यापेक्षा कडक मिश्रधातूची नवी सीट आणि स्टेलाइटच्या (कडक कोबाल्ट मिश्रधातूच्या) तोंडाचा एक्झॉस्ट वॉल्व्ह घाला. सीट बसवताना ती गार आणि हेड गरम हवं. पकड (सीट तिच्या भोकापेक्षा जेवढी मोठी ती) साधारण ०.१० ते ०.१३ मिमी. कमी पकड ठेवली तर चालत्या इंजिनात सीट निखळून पिस्टनवर पडते.

वॉल्व्हच्या कडेची जाडी ०.८ मिमीपेक्षा कमी उरली, दांडी वाकली किंवा दांडीला पायरी पडली, तर वॉल्व्ह फेकून द्या. लॅपिंग (पेस्ट लावून वॉल्व्ह सीटवर घासणं) शेवटी आणि थोडंच: बारीक पेस्ट, हलका हात, तीन-चार वेळा उचलून जागा बदलायची. राखाडी, न तुटलेली रिंग दिसली की थांबा. पेस्टचा कणही उरला तर गाईड खातो, म्हणून रॉकेल आणि साबणाच्या पाण्याने धुऊन हवेने फुंका. मग प्लग लावा, हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये पेट्रोल भरा. दहा मिनिटांत पोर्ट ओला झाला तर ती सीट पुन्हा पाहा.

सीट खाली गेली तेवढा वॉल्व्ह वर येतो आणि स्प्रिंग सैल बसते. फरक शिमने (पातळ चकतीने) भरून काढा, आधीची नोंद इथे कामी येते. ऑइल सील नवीच घ्या. वॉल्व्हची दांडी आधी ऑइलने ओली करा आणि लॉकच्या खाचांवर प्लॅस्टिकची टोपी घालूनच सील सरकवा, नाहीतर खाच सीलचा ओठ कापते.

आता पोर्ट. सर्वांत जास्त फायदा सीटच्या लगेच खालच्या वाटीत आहे. तिथली पायरी मोडून गोलाई द्या. इनटेक पोर्ट आरसा करू नका, ८० ग्रिटचा खरखरीतपणा पेट्रोल भिंतीला चिकटून राहू देत नाही. एक्झॉस्ट गुळगुळीत चालेल.

बांधणी

ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकच तडकतो. अंश मोजून फिरवत आवळायचे बोल्ट नवेच घ्या. गॅस्केटला सिलिकॉन लावायचं नाही. मध्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळा. मोठा कॅम घातला असेल तर आधी पिस्टनवर मुलांच्या खेळायच्या क्लेचा थर देऊन इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड उतरवून ठसा कापा आणि जाडी मोजा: इनटेकखाली निदान २ मिमी, एक्झॉस्टखाली २.५ मिमी. नंतर ते गॅस्केट पुन्हा वापरू नका. चाचणीसाठी जुनं ठेवा, मात्र नवं दाबल्यावर किती जाड राहतं ते हिशेबात धरा.

सुरू करण्याआधी रेडिएटर धुऊन थर्मोस्टॅट बदला आणि कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. पहिल्या ५०० किमीनंतर थंड इंजिनात टॅपेट पुन्हा तपासा. सीएनजी गाडीत त्यानंतर दर १०,००० किमीला. एक्झॉस्टचा गॅप प्रत्येक वेळी कमी होताना दिसला, तर सीट खचते आहे, आणि ते वॉल्व्ह जळण्याआधी हातात आलं आहे.