फिगर्ड बास वाजवताना या चुका टाळा

फिगर्ड बास म्हणजे बासची एकच ओळ आणि तिच्या खाली किंवा वर लिहिलेले आकडे. बाकीचं हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गनवर बसलेल्याने जागच्या जागी रचायचं. साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांत युरोपात साथ अशीच व्हायची. आपल्याकडे बहुतेकांची या आकड्यांशी ओळख थिअरीच्या परीक्षेत होते आणि अडचण तिथूनच सुरू होते. परीक्षेत चार आवाज कागदावर बिनचूक बसवले की मार्क मिळतात. साथीला बसल्यावर मात्र शेजारी एक व्हायोलिन चालू असतं आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही.

आकडे कशापासून मोजायचे?

सर्वांत जास्त दिसणारी चूक मोजण्याची आहे. आकडा मोजायचा तो खालच्या बास सुरापासून. कॉर्डच्या मूळ सुराशी किंवा गाण्याच्या स्केलच्या पहिल्या सुराशी त्याचा संबंध नाही. हार्मोनियमवर हात बसलेल्यांना हे पटकन समजतं: दर वेळी बासचा जो सूर असेल तोच सा धरा. पण पुढचा खड्डाही याच लोकांसाठी आहे. ६ म्हणजे ‘शुद्ध धैवत’ नव्हे. सहावा सूर की सिग्नेचरमध्ये (ओळीच्या सुरुवातीला लिहिलेल्या शार्प-फ्लॅटच्या खुणांमध्ये) जसा असेल तसा घ्यायचा. सी मेजरमध्ये ई वर ६ असेल तर जी आणि सी वाजतात, म्हणजे धैवत कोमल. एफ वर ६ असेल तर ए आणि डी, म्हणजे धैवत शुद्ध. आकडा दोन्हीकडे तोच.

शिवाय आकडे संक्षेपात लिहिलेले असतात. काहीच लिहिलं नसेल तर ५/३, म्हणजे बासपासून पाचवा आणि तिसरा सूर. नुसता ६ म्हणजे ६/३, नुसता ७ म्हणजे ७/५/३, नुसता २ म्हणजे ६/४/२. हे कॉर्डच्या नावावरून शोधत बसू नका. ‘बी वर ६, म्हणजे जी मेजरचं पहिलं इन्व्हर्जन’ असा विचार पूर्ण होईपर्यंत बार संपलेला असतो. डोळ्याने ६ पाहिला की उजव्या हाताने थेट तिसरा आणि सहावा सूर धरला पाहिजे.

शार्प-फ्लॅटचा घोळ

आकड्याशिवाय एकटी शार्पची खूण असेल तर ती तिसऱ्या सुरासाठी. ए मायनरमध्ये ई खाली शार्प दिसला तर जी शार्प वाजवा, ई शार्प नव्हे. सहाच्या आकड्यावर तिरकी रेघ असेल तर सहावा सूर अर्ध्याने चढवायचा.

जुन्या छापील प्रतींची फोटोप्रत समोर असेल तर आणखी एक गंमत. तिथे नॅचरलची खूण क्वचितच भेटते, शार्प उतरवायलाही फ्लॅटच लिहितात. डी मेजरच्या सिग्नेचरमध्ये डी खाली फ्लॅट असेल तर तो एफ नॅचरल, म्हणजे डी मायनर कॉर्ड. एफ फ्लॅट वाजवणारे भेटतात आणि चूक छापणाऱ्याची आहे असं ठामपणे सांगतात.

उजवा हात बासच्या मागे धावतो

एफ वरून जी वर बास चढला आणि उजव्या हातानेही एफ-ए-सी वरून उचलून जी-बी-डी धरलं, की समांतर पाचवे आणि आठवे तयार, म्हणजे दोन आवाज पाचव्याचं किंवा आठव्याचं अंतर तसंच ठेवून एकाच दिशेने सरकतात. आवाज पोकळ होतो. बास चढला तर हात उतरवा: एफ-ए-सी वरून डी-जी-बी. बोटं फार हलतही नाहीत. डाव्या हाताने फक्त बास, उजव्या हातात तीन सूर, सवयीचं चित्र हे असू द्या. परीक्षेतल्यासारखा टेनर (बासच्या लगेच वरचा आवाज) डाव्या हातात घेतलात तर जलद बास वाजवताना हात अडकणारच.

खरी परीक्षा लागोपाठच्या ६ च्या रांगेत होते. बास पायरीपायरीने उतरतोय आणि प्रत्येक सुराखाली ६. इथे तीन सूर वाजवायचा हट्ट सोडा. दोनच घ्या, आणि सहावा वर, तिसरा खाली. उलट ठेवलंत तर त्या दोघांमध्येच समांतर पाचवे होतात. सहावा वर असला की त्यांच्यात चौथ्याचं अंतर राहतं आणि कानाला काही खुपत नाही.

समांतरांची भीती मात्र बेताची असावी. ड्रेस्डेनच्या हाइनिशेनने १७२८ च्या ग्रंथात दोन्ही हातांनी भरगच्च वाजवताना मधल्या आवाजांतली समांतरं चालवून घेतली आहेत. बाहेरचे दोन आवाज, म्हणजे सर्वांत वरचा आणि बास, स्वच्छ हवेत, एवढाच आग्रह.

४–३ आणि ७–६ (चौथा सूर धरून तिसऱ्यावर, सातवा धरून सहाव्यावर उतरणं) याबद्दल थोडक्यात: चार किंवा सात हा सूर आधीच्या कॉर्डमध्ये त्याच बोटाखाली असायला हवा. चारबरोबर तीन वाजवू नका. नवशिके नेमकं तेच करतात.

जास्त वाजवणं

सगळे आकडे बरोबर, तरीही साथ वाईट, असं सर्रास होतं. कारण हात गायिकेच्या वर गेलेला असतो. इटलीच्या आगाझारीने १६०७ मध्येच सांगून ठेवलंय की सोप्रानो गात असताना खाली राहा आणि तिचेच सूर पुन्हा वाजवू नका. कार्ल फिलिप इमानुएल बाखच्या ग्रंथाचा १७६२ चा दुसरा भाग मुख्यतः साथीबद्दल आहे. त्यात एका आवाजापासून चार आवाजांपर्यंतच्या साथीचा विचार केलाय. किती सूर घ्यायचे हे आकडे सांगत नाहीत. हळुवार जागी दोनही पुरतात. ‘टास्टो सोलो’ लिहिलं असेल तर एकही कॉर्ड नको, नुसता बास.

रेसिटेटिव्हमध्ये (बोलल्यासारख्या गायनात) पूर्ण बारभर लांब नोट दिसली म्हणून ऑर्गनवर ती तेवढी धरून बसायची, हेही तपासून पाहा. कार्ल फिलिपचे वडील योहान सेबास्टियन बाख यांच्या मॅथ्यू पॅशनमध्ये १७३६ च्या स्कोअरमध्ये इव्हँजेलिस्टच्या (कथा सांगणाऱ्या गायकाच्या) खाली लांब नोटा आहेत आणि वादकांच्या सुट्या प्रतींमध्ये आखूड. गायकाचे शब्द ऐकू आले पाहिजेत, म्हणून मला आखूडच पटतं.

याच बाखच्या लाइप्झिगमधल्या कँटाटांची (चर्चमधल्या गायन-वादनाच्या रचनांची) ऑर्गनची मूळ प्रत बाकीच्यांपेक्षा एक पूर्ण सूर खाली दिसली तर घाबरू नका. तिथले ऑर्गन तेवढे चढे लावलेले होते. आजच्या कीबोर्डवर ती प्रत जशीच्या तशी वाजवली तर बेसूर होणारच.

आकडेच नसतील तर

पुष्कळ प्रतींत आकडे अर्धवट असतात. बास अर्ध्या सुराने चढत असेल, उदाहरणार्थ एफ शार्पवरून जी, तर पहिल्यावर बहुधा ६. स्केलच्या तिसऱ्या सुरावरही बहुधा ६. अशा अंदाजांची पूर्ण मालिका, ‘रूल ऑफ द ऑक्टेव्ह’, काँपियोंने १७१६ मध्ये पॅरिसला छापली. ती बारा मेजर आणि बारा मायनरमध्ये हातात बसवण्याला पर्याय नाही. आणि मग वरची ओळ वाचा. कोरेल्लीच्या १७०० च्या ओपस ५ मध्ये (व्हायोलिन सोनाटांच्या संग्रहात) बासच्या वर व्हायोलिन छापलेलंच आहे. बासला ई आणि व्हायोलिन सी वर ठाम उभं असेल तर ५/३ कसा असेल? आकडा आणि व्हायोलिन यांचं जुळत नसेल तर आधी व्हायोलिनवर विश्वास ठेवा, दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहा आणि दुरुस्ती पेन्सिलनेच करा.