पाऊस आंबट निघाला नाही म्हणून प्रयोग फसला का? आम्लवर्षेच्या गटप्रकल्पात या चुका टाळा

सहावी ते आठवीच्या मुलांना आम्लवर्षा शिकवायची तर गटाने शोध घ्यायला लावणे हा उत्तम मार्ग आहे. पाऊस प्रत्येकाच्या अंगणात पडतो, भांडे धरले की नमुना मिळतो. मराठवाड्यात मात्र हा प्रकल्प बहुतेकदा एकाच जागी अडतो. ५.६ पेक्षा कमी सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप: सात मध्यम, त्याखाली आम्ल) असलेला पाऊस म्हणजे आम्लवर्षा, हे मुलांनी वाचलेले असते. सामू मोजायची पट्टी बुडवली की उत्तर येते साडेसहा किंवा सात. मग वहीत ‘प्रयोग फसला’ अशी नोंद होते. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी गुपचूप ४.५ लिहून टाकते, कारण ‘तसाच यायला पाहिजे’.

सगळ्यात मोठी चूक तीच. आलेला आकडा बदलू नका आणि मुलांनाही बदलू देऊ नका. प्रकल्पाचा खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो: परळीला औष्णिक वीजकेंद्र आहे, वाळूजला कारखाने आहेत, जालन्यात पोलाद वितळते, तरी आपला पाऊस आंबट का नाही?

उत्तर पायाखाली आहे. आपली काळी माती चुनखडीयुक्त आहे. शेत नांगरले की पांढरे खडे वर येतात, ते कॅल्शियम कार्बोनेटच. उन्हाळाभर या मातीची धूळ हवेत उडते. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडपासून आणि वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून ढगात आम्ल तयार होते, पण खाली येईपर्यंत ही धूळ त्यातले बरेचसे मारून टाकते. आम्लाने मासे मेलेल्या तळ्यांमध्ये स्वीडनने वर्षानुवर्षे चुनखडीची पूड ओतली. आपल्याकडे तेच काम धूळ आणि माती फुकट करतात.

लगेच दुसरी चूक होते, ती म्हणजे ‘सामू सात, म्हणजे हवा स्वच्छ’ हा निष्कर्ष. तो खोटा आहे. आम्ल तयार झाले आणि मेले, पण ते बनवणारा वायू आणि ते मारणारी धूळ दोन्ही आपण श्वासातून घेतो. शिवाय ही ढाल सगळीकडे आणि कायम सारखीच राहील असेही नाही. हवामान खात्याच्या नागपूर आणि पुणे इथल्या केंद्रांवर अनेक दशके पावसाचा सामू मोजला जातो, आणि तो हळूहळू उतरत गेल्याचे दिसले आहे. मुलांच्या तक्त्यावर हे वाक्य यायलाच हवे.

पाणी धरताना

पहिली अडचण वेळेची. हा प्रकल्प आठवतो विज्ञान प्रदर्शनाच्या तोंडावर, डिसेंबरात, आणि तेव्हा पाऊस नसतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, त्याच आठवड्यात भांडी तयार ठेवा. ‘ऑगस्टचा दुसरा आठवडा’ असे वेळापत्रक आखू नका, नेमका तेव्हाच खंड पडतो.

पत्र्यावरून किंवा गच्चीच्या पन्हाळातून पडणारे पाणी घेऊ नका. गच्चीचे सिमेंट सामू वर नेते आणि पत्र्यावर महिन्याची धूळ साचलेली असते. ३० सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची पाटी उघड्या जागी स्टुलावर ठेवा, म्हणजे जमिनीवरून उडणारे शिंतोडे आत येत नाहीत. झाड आणि भिंत यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. १० मिलिमीटर पाऊस झाला तर अशा पाटीत सुमारे ७०० मिली पाणी येते. हे गणित मुलांनीच करावे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर.

पाटी साबणाने धुऊन तशीच ठेवली तर उरलेला साबण सामू वाढवतो. बोअरच्या पाण्याने विसळली तर त्यातला क्षार काठाला चिकटतो. शेवटचे दोन हात डिस्टिल्ड वॉटरचेच हवेत. गाडीच्या बॅटरीत टाकायचे सीलबंद पाणी बॅटरीच्या दुकानात स्वस्त मिळते, ते वापरा. जारचे पाणी हे डिस्टिल्ड वॉटर नव्हे.

झाकण पाऊस सुरू झाल्यावरच काढायचे. सकाळपासून उघडी ठेवलेली पाटी पावसाचा नाही, धुळीचा नमुना देते. शक्य असेल तर पहिल्या पाच मिनिटांचे पाणी एका बाटलीत आणि अर्ध्या तासानंतरचे दुसऱ्या बाटलीत घ्या. पहिल्या पाण्यात तळाला मातीचा गाळ बसलेला मुले डोळ्यांनी पाहतात. धूळ पाऊस कसा बदलते हे समजावून सांगण्यापेक्षा ती बाटली समोर ठेवलेली बरी. बोट बुडवू नका, बाटली काठोकाठ भरून झाकण लावा, आणि मोजणी शक्यतो त्याच तासाला उरका.

मोजताना

पावसाच्या पाण्यात विरघळलेले क्षार फार कमी असतात. म्हणून साध्या सामूपट्टीचा रंग त्यात नीट उमटत नाही. एकेका अंकाच्या फरकाने रंग दाखवणारी पट्टी इथे कामाची नाही. अर्ध्या अंकाचा फरक दाखवणारी, कमी पल्ल्याची पट्टी घ्या आणि ती क्षणभर बुडवून काढण्याऐवजी मिनिटभर पाण्यात राहू द्या.

पट्टीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे आधी तपासा. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. प्रयोगशाळेतल्या एन-बाय-टेन (N/10, म्हणजे एक दशांश नॉर्मल तीव्रतेच्या) सल्फ्युरिक आम्लाचे १ मिली एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकले की सामू सुमारे ४ येतो. हे काम शिक्षकांनी करायचे, आणि नेहमी आम्ल पाण्यात टाकायचे, पाणी आम्लात नाही. या पाण्यात पट्टीने ६ दाखवले तर तिने पावसाचे ६ दाखवले याला काही अर्थ नाही.

सामूचे पेन असेल तर ते वर्षभर कोरडे पडलेले असते. अर्धा तास नळाच्या पाण्यात बुडवून ठेवा, मग पुड्यांतल्या बफरने (ठरावीक सामूच्या द्रावणाने) आधी ६.८६ आणि नंतर ४.०१ वर जुळवा. पावसाच्या पाण्यात आकडा बराच वेळ हलत राहतो. अर्धा मिनिट स्थिर राहिला तरच लिहा.

हळद वापरू नका. हळद अल्कलीत लाल होते, आम्लात पिवळीच राहते, त्यामुळे ‘आम्ल नाही’ असे खोटेच उत्तर मिळते. जास्वंदीचा अर्क आम्लात गुलाबी होतो, अल्कलीत हिरवट. लिंबू, ताक, सोडा यांत फरक दाखवायला तो छान, पावसाच्या मोजणीसाठी नाही.

सरासरीतही फसगत होते. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक. ४ आणि ६ असे दोन नमुने सारख्या प्रमाणात मिसळले तर आम्लाच्या हिशेबाने सामू ५ नाही, सुमारे ४.३ येतो. सातवीच्या मुलांना हे गणित जड जाईल. त्यांना सरासरी काढायला न लावता सगळ्यात कमी, मधला आणि सगळ्यात जास्त असे तीन आकडे लिहायला सांगा.

व्हिनेगर, दगड आणि खडू

नकली आम्लवर्षा करायला व्हिनेगर सोपे. मुले एक मिली व्हिनेगर बोअरच्या एक लिटर पाण्यात टाकतात आणि सामू जवळपास हलतच नाही. आपल्याकडचे बोअरचे पाणी बायकार्बोनेटने इतके भरलेले असते की एवढे आम्ल ते सहज पचवते. तेच एक मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकले की सामू ४ च्या आसपास उतरतो. सुई नसलेल्या सिरिंजने मोजून दोन्ही ग्लास शेजारी शेजारी करून दाखवा. हा बिघाड म्हणजे सबंध प्रकल्पाचा गाभा आहे, तो लपवू नका.

रोपांवर निव्वळ व्हिनेगर ओतणे ही तर नेहमीची चूक. त्याचा सामू अडीचच्या आसपास असतो, रोप दोन दिवसांत करपते, आणि मुले लिहितात, ‘आम्लवर्षेने झाड लगेच मरते.’ उलट कुंडीत काळी माती असेल तर सामू ४ चे पाणी घालूनही काहीच घडत नाही, कारण माती आम्ल खाऊन टाकते. मुगाचे २० दाणे ओल्या कापसावर ठेवा, एका ताटलीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत सामू ४, तिसरीत सामू ३ चे पाणी, प्रत्येकी १० मिली. सामू ३ साठी तेच एन-बाय-टेन आम्ल लिटरला १० मिली. पाच दिवस रोज मोड मोजायचे. ४ च्या ताटलीत फारसा फरक दिसला नाही तर तेही उत्तरच आहे.

दगडाच्या प्रयोगात खडू वापरला जातो आणि तो व्हिनेगरमध्ये फसफसत नाही. बाजारातला खडू बहुधा जिप्समचा असतो, चुनखडीचा नाही. अंड्याचे कवच, संगमरवराचा तुकडा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा घ्या. शहाबादी हा चुनखडकच आहे. फरशीवाल्याकडे कापलेले तुकडे पडलेले असतात. शेजारी काळ्या बेसॉल्टचा तुकडा ठेवा, पण पांढरे ठिपके नसलेला. ठिपक्यांत कधी कधी कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचे खनिज) असते, तेवढ्या जागी बुडबुडे येतात आणि ‘बेसॉल्टही विरघळतो’ असा गैरसमज होतो.

वजन करताना दगड ओला असला तर हिशेब बिघडतो. आधी आणि नंतर दिवसभर उन्हात वाळवा. ४ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरमध्ये जास्तीत जास्त ३ ग्रॅमच्या आसपास चुनखडक विरघळू शकतो, म्हणून किराणा दुकानाचा काटा पुरत नाही. सराफाच्या काट्यावर वजन करून आणा.

यावरून बीबी का मकबऱ्याकडे वळता येते. त्याच्या घुमटाला आणि खालच्या भागाला संगमरवर आहे, अजिंठा-वेरूळ मात्र बेसॉल्टमध्ये कोरलेले. आम्लाने कुणाला जास्त धोका, हे मुले स्वतः सांगतील. सहलीला गेल्यावर कोणत्याही वास्तूवर थेंबभरही व्हिनेगर टाकायचे नाही, हे आधीच बजावा.

माती गाळताना

मातीच्या गटाने कापलेल्या बाटलीत काळी माती भरून वरून आम्लाचे पाणी ओतले की ते खाली उतरतच नाही. माती फुगते आणि बुजते. गाळायच्या फंदात पडू नका. ४० ग्रॅम वाळलेली माती १०० मिली सामू ४ च्या पाण्यात बाटलीत पाच मिनिटे हलवा, रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचे निवळ पाणी मोजा. सामू ७ च्या वर गेलेला असतो. याच गटाने घरची मृदा आरोग्य पत्रिका आणावी. तिच्यावर शेताचा सामू छापलेला असतो, तो जुळवून पाहता येतो.

गटांत आणि तक्त्यावर

‘कारणे’, ‘परिणाम’, ‘उपाय’ असे विषय वाटले की तिन्ही गट एकाच ठिकाणचा उतारा उतरवून आणतात. विषयाऐवजी प्रश्न वाटा: आपल्या पावसाचा सामू किती? कोणता दगड झिजतो? माती आम्लाचे काय करते? परळीचा धूर पावसाळ्यात कुठे जातो? जगाला हे कधी कळले? पाच-सहा जणांचा गट पुरे. मोजणारा, लिहिणारा, तपासणारा अशी कामे दर तासाला बदला, नाहीतर एकटी हुशार मुलगी सगळे करते आणि बाकीचे चित्र रंगवतात. शेवटच्या तासाला प्रत्येक गटातून एकेक मूल घेऊन नवे गट करा, म्हणजे प्रत्येकाला आपले उत्तर दुसऱ्यांना समजावून सांगावे लागते.

इतिहासाच्या गटाला सुरुवातीचे धागे द्या. मँचेस्टरच्या पावसाचा अभ्यास रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८५२ मध्ये मांडला. १९७२ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत स्वीडनने हा प्रश्न जगापुढे ठेवला. १९७९ मध्ये जिनिव्हात सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रदूषणाचा करार झाला. प्रत्येक वाक्यापुढे कुठे, कधी आणि कुणी मोजले हे नसेल तर ते वाक्य तक्त्यावर जाणार नाही, असा नियम करा.

या नियमाने अर्धे गैरसमज आपोआप गळतात. ‘आम्लवर्षेने त्वचा जळते’ हे त्यातले एक. सामू ४ ते ५ चे पाणी ताकाइतके आंबट असते, ताकाने हात भाजत नाहीत. माशांच्या अंड्यांना मात्र तेवढे पुरते. सामू ५ वर बहुतेक माशांची अंडी उबत नाहीत. दुसरा गैरसमज ताजमहालाचा. मथुरेची रिफायनरी आणि आसपासच्या कारखान्यांमुळे खटला झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला, हे खरे. पण ताज पिवळट दिसण्यात धूळ आणि कार्बनच्या कणांचा हात मोठा आहे, ते सगळे आम्लाच्या माथी मारू नये. ओझोनचे छिद्र हा तर वेगळाच विषय.

सर्वात जवळचा गैरसमज शेतातला. जुलैत सोयाबीन पिवळे पडले की मुले ते ‘परिणाम’ या रकान्यात लिहितात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही म्हणून किंवा रानात पाणी साचले म्हणून पाने पिवळी पडतात. कधी पिवळा मोझॅक रोगही असतो. आंबट पावसाचा त्याच्याशी संबंध नाही. लोह न मिळणे तर जमीन आंबट नसल्याचेच लक्षण.

वर्गात गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड दाखवायचा मोह टाळा. दमा असलेल्या मुलाला तो वास पुरेसा होतो. दाखवायचेच असेल तर चिमूटभर गंधक, व्हरांड्यात, शिक्षकांच्या हाताने आणि मुले वाऱ्याच्या वरच्या बाजूला.

धुराच्या गटाला जिल्ह्यांचा नकाशा द्या. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, म्हणजे परळीचा धूर साधारणपणे गंगाखेड, परभणी, नांदेड या बाजूला जातो, अंबाजोगाईकडे नाही. शिवाय वायूचे आम्ल व्हायला तास ते दिवस लागतात, तोवर ढग शेकडो किलोमीटर पुढे गेलेला असतो. आपल्या शाळेवरचा धूर कुठून आला असेल, हे मुलांनी रोज सकाळी झेंड्याच्या फडफडीवरून वाऱ्याची दिशा टिपून ठरवावे आणि प्रत्येक नमुन्याच्या बाटलीवर ती दिशा लिहावी.