सांधेदुखीच्या गोळ्या: ‘जेवून घेतली होती’ एवढे पुरेसे नाही

नागपुरात मेडिकल चौकाच्या परिसरात मी गेली 24 वर्षे औषधांचे दुकान चालवतो. गुडघा किंवा कंबर धरून आलेला माणूस ‘भाऊ, जरा स्ट्राँगवाली द्या’ म्हणतो आणि मी खबरदारीविषयी काही बोलू लागलो की त्याचे उत्तर ठरलेले असते: ‘जेवूनच घेतो ना जी.’ ही एक अट पाळली की बाकी सर्व माफ, हा समज इतका खोल रुजलेला आहे की सुरुवात तिथूनच करावी लागते.

डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच कुळातली, सूज उतरवणारी औषधे आहेत. या कुळाचे कार्य कसे चालते हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये ॲस्पिरिनच्या संदर्भात उलगडून दाखवले आणि 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सांध्यात ती सूज आणि वेदना वाढवतात, परंतु जठराचे अस्तर आम्लापासून जपणे आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणे ही कामेही तीच करतात. गोळी ही निर्मिती रोखते, आणि ती केवळ गुडघ्यापुरती रोखत नाही. रक्तातून ती सर्वत्र पोहोचते. म्हणून पोटात पोळीभाजी असल्याने जळजळ कमी होईल, अल्सरचा धोका मात्र टळत नाही. याच कारणाने ‘इंजेक्शन घेतले म्हणजे पोट सुरक्षित’ हेही खरे नाही.

उन्हाळा, रक्तदाबाची गोळी आणि वेदनाशामक

माझ्या दृष्टीने या तिन्हींची गाठ पडू देणे ही सर्वांत घातक चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना होता आणि पारा 45 च्या वर गेलेला होता. आमचे जुने ग्राहक असलेले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे काकाजी म्हणतात, पुतणीच्या लग्नाच्या धावपळीत होते. गुडघे सुजले म्हणून ते जुनी चिठ्ठी घेऊन आले आणि ॲसिक्लोफिनॅकच्या दोन पट्ट्या घेऊन गेले. चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची होती. मी ती पाहिली, तरी गर्दीच्या वेळी वाद नको म्हणून पट्ट्या दिल्या. रक्तदाबासाठी ते टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारे औषध) यांची संयुक्त गोळी घेत होते आणि ती तर दर महिन्याला माझ्याच दुकानातून जात होती. म्हणजे सारी माहिती माझ्यासमोर होती. फक्त मी ती जोडून पाहिली नाही.

लग्नाच्या पंगतीनंतर त्यांना जुलाब लागले. त्यांनी ना गोळ्या थांबवल्या, ना पाणी वाढवले. नवव्या दिवशी त्यांच्या मुलाने सांगितले की पाय सुजले आहेत, लघवी जवळजवळ बंद आहे आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालेनासे झाले की रक्तात वाढणारे द्रव्य, जे एरवी 1.1 असे, 4.3 वर गेले आहे. रुग्णालयात सलाइन लागले, दोन्ही गोळ्या थांबवल्या गेल्या आणि डायलिसिसची वेळ आली नाही. परंतु त्यांचे क्रिएटिनिन त्यानंतर 1.5 च्या खाली कधीच आले नाही.

हे असे का घडते? मूत्रपिंडातील प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक आणि नेणारी एक अशा दोन बारीक वाहिन्या असतात. शरीरातील पाणी कमी झाले की आणणारी वाहिनी प्रोस्टाग्लँडिनच्या बळावर उघडी राहते आणि नेणारी आकसून गाळणीतील दाब टिकवते. वेदनाशामक गोळी पहिली वाहिनी आवळते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी औषधे दुसरी सैल करतात. लघवी वाढवणारे औषध मुळात पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र आली आणि वर नागपूरचा मे महिना, की गाळणीतला दाब ढासळतो. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांची कलेवरे खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि 2006 मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी आली, हे पुष्कळांना ठाऊक असते. गिधाडांची गोष्ट वेगळी, ती या औषधाला विलक्षण नाजूक असतात. तरी मूत्रपिंडाचा विषय निघाला की मला त्यांची आठवण होतेच.

तेव्हापासून वेदनाशामक मागणाऱ्या प्रत्येकाला मी बीपीची आणि शुगरची कोणती गोळी सुरू आहे ते विचारतो, आणि चिठ्ठी जुनी असेल तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय पट्टी देत नाही. काही ग्राहक चिडतात आणि समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत. ज्यांना ही गोळी खरोखर दीर्घकाळ घ्यावी लागते, त्यांनी क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब किती दिवसांनी तपासायचा हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. जुलाब, उलट्या किंवा ऊन लागलेले असेल त्या दिवशी वेदनाशामक बंद ठेवावे आणि रक्तदाबाच्या गोळीविषयी त्याच दिवशी फोन करून विचारावे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत; त्यांच्या मूत्रपिंडावर आजाराचाच भार असतो, म्हणून वेदना कितीही असो, त्यांनी हे औषध परस्पर घेऊ नये.

नाव वेगळे, औषध तेच

गोळीचे नाव वेगळे असले की औषध वेगळे, असे बहुतेक लोक मानतात. शिवणकाम करणाऱ्या एक ताई हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली ॲसिक्लोफिनॅक 100 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेत होत्या. दाढ दुखली तेव्हा दातांच्या दवाखान्यातून आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची गोळी आली, आणि तीही सुरू झाली. एकाही डॉक्टरला दुसऱ्याची चिठ्ठी दाखवलेली नव्हती. एकाच कुळातील दोन औषधे एका वेळी घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. काही दिवसांनी त्यांना चढावर धाप लागू लागली. शौच काळे होत होते, परंतु त्या लोहाच्या गोळ्याही घेत असल्यामुळे तो रंग त्याच गोळ्यांचा असे त्यांनी गृहीत धरले. हिमोग्लोबिन 6 वर आल्यावर अल्सर सापडला. पोटात त्यांना एकदाही दुखले नव्हते, कारण जी गोळी अल्सर करते तीच त्याची वेदनाही झाकते.

लोहामुळे शौच काळपट होते हे खरे आहे. रक्तामुळे होणारे शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे असते. शंका आली की गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पट्टीवरचे मोठ्या अक्षरांतले नाव सोडून त्याखालची बारीक अक्षरे वाचावीत, म्हणजे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. डोळ्यांना दिसत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावे. ते आमचे कामच आहे. मी स्वतः घरच्यांच्या पट्ट्यांवर मार्करने ‘दुखणे’, ‘बीपी’, ‘ताप’ असे लिहून ठेवतो आणि ‘दुखणे’ लिहिलेली पट्टी घरात एका वेळी एकच उघडी असते.

ज्यांना अल्सर होऊन गेला आहे, जे साठीच्या पुढचे आहेत, किंवा जे स्टेरॉइड वा रक्त पातळ करणारे औषध घेतात, त्यांना डॉक्टर सोबत पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल देतात. ते जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यायचे असते. जळजळल्यावर पातळ अँटासिडचे दोन चमचे घेणे म्हणजे अल्सरपासून संरक्षण नव्हे.

उरलेल्या चुका

दोन तासांत आराम पडला नाही म्हणून लगेच दुसरी गोळी घेणारे अधीर लोक रोज भेटतात. डायक्लोफिनॅकची दिवसाची कमाल मात्रा 150 मिलिग्रॅम आणि ॲसिक्लोफिनॅकची 200 मिलिग्रॅम आहे. त्यापलीकडे अपायच वाढतो.

एटोरिकॉक्सिब पोटाला तुलनेने सौम्य आहे, म्हणून ते निर्धोक ठरत नाही. त्याच गटातील रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या वाढत्या धोक्यामुळे सप्टेंबर 2004 मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले. रक्तदाब 140/90 च्या वर राहत असेल आणि आटोक्यात नसेल, तर एटोरिकॉक्सिब घेऊ नये.

हृदयासाठी 75 मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नये, ते ॲस्पिरिनचे काम अडवू शकते. आणि पोट जपण्यासाठी म्हणून ॲस्पिरिन मनाने बंद करू नये.

पावसाळ्यानंतर ताप आणि सांधेदुखी एकत्र आली की आपल्याकडे प्रत्येक जण ‘चिकनगुनिया आहे’ म्हणून वेदनाशामक मागतो. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

जेल दोन दिवस चोळून ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांचा मला विशेष कंटाळा आहे. गुडघा आणि बोटांचे सांधे त्वचेलगत असतात, तिथे डायक्लोफिनॅकचे जेल नियमित लावल्यास चांगले काम करते आणि रक्तात गोळीच्या तुलनेत फारच थोडे औषध उतरते. एक-दोन आठवडे दिवसातून तीन-चार वेळा लावून पाहावे. वर शेकू नये, घट्ट पट्टी बांधू नये. वयस्कांसाठी माझी पहिली पसंती हीच असते.

सकाळी सांधे तासभर आखडलेले राहत असतील, तर ती बहुधा केवळ झीज नसते. आमवातात या गोळ्या वेदना झाकतात, सांध्याची हानी थांबवत नाहीत. वर्षभर गोळ्यांवर काढून मग वाकड्या बोटांनी तज्ज्ञाकडे गेलेले लोक मी पाहिले आहेत.

शेवटी पुड्या. ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून मिळणारी पुडी घेतल्यावर दोन दिवसांत माणूस पळू लागला, तर तिच्यात स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेले असण्याची दाट शंका घ्यावी. चेहरा गोल होणे आणि रक्तातील साखर अचानक वाढणे ही स्टेरॉइडची ओळखीची चिन्हे आहेत. मात्र कित्येक महिने चाललेली पुडी घाबरून एका दिवसात बंद करू नये, कारण स्टेरॉइड एकाएकी तुटले की रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. उरलेल्या पुड्या पिशवीत घालून तशाच डॉक्टरांकडे न्याव्यात आणि त्या किती महिन्यांपासून चालू आहेत ते न लपवता सांगावे.