छापखान्याला ‘३००चा फोटो’ पाठवताना या चुका टाळा

स्मरणिकेसाठी फोटो पाठवला की छापखान्यातून फोन येतो, “फोटो ७२चा आहे, ३००चा पाठवा.” हे आकडे म्हणजे रिझोल्यूशन: छापताना एका इंचात फोटोचे किती पिक्सेल, म्हणजे ठिपके, बसवायचे ते. मग आपण फोटोशॉप उघडतो, इमेज मेनूतल्या ‘इमेज साइझ’मध्ये जाऊन ७२ खोडतो, ३०० लिहितो आणि फाइल पाठवून देतो. फाइल चांगली जाडजूड झालेली असते, त्यामुळे समाधानही वाटतं. पहिल्या स्मरणिकेच्या वेळी मीही हेच केलं होतं. छापून आल्यावर आमच्या अध्यक्षांचा चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत दिसत होता.

चूक ३०० लिहिण्यात नव्हती. त्याच खिडकीत ‘रिसॅम्पल’ नावाचा चौकोन असतो आणि त्यात बहुतेक वेळा आधीच टिक असते. टिक ठेवून ७२चे ३०० केले की फोटोची प्रत्येक बाजू चौपटीहून जास्त वाढते आणि एकूण पिक्सेल १७ पटींच्या वर जातात. हे जादा पिक्सेल कॅमेऱ्याने टिपलेले नसतात. शेजारच्या पिक्सेलांचे रंग बघून सॉफ्टवेअर ते अंदाजाने भरतं. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतावं, तसलाच प्रकार.

टिक काढा आणि मग ३०० लिहा. आता पिक्सेल होते तेवढेच राहतात, फक्त इंचांतली मापं लहान होतात. हीच मापं बघायची असतात. १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४०००×३००० पिक्सेलचा फोटो ७२वर ५५ इंचांहून रुंद दिसतो, तर ३००वर साधारण १३.३×१० इंच. फोटो तोच, दाणा न दाणा तोच. ए-फोर पान भरून छापायला तो आरामात पुरतो. जिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये ही दोन कामं वेगवेगळ्या नावांनी ठेवलेली आहेत: पिक्सेल बदलायला ‘स्केल इमेज’ आणि नुसती छपाईची मापं बदलायला ‘प्रिंट साइझ’. मला ही मांडणी जास्त प्रामाणिक वाटते.

हा ७२ आला कुठून?

१९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते. टाइपच्या मापात इंचाला ७२ पॉइंट, म्हणून पडद्यावरचा मजकूर कागदावरच्या मापाला जुळायचा. तो पडदा केव्हाच गेला, आकडा मात्र चिकटून राहिला. फोटोसोबत माहिती साठवणाऱ्या एक्सिफ मानकातही रिझोल्यूशन माहीत नसेल तर ७२ लिहावं असं ठरलेलं आहे. फाइलमध्ये आकडाच नसेल तर फोटोशॉप ७२ धरतं, आणि तीच फाइल विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये ९६ दाखवते. लाइटरूम क्लासिक या फोटो-सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट करताना मूळ सेटिंग २४० असतं. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे फोटो ७२ दाखवतात, निकॉनचे ३००. एवढ्यावरून एकाचा फोटो हलका आणि दुसऱ्याचा भारी ठरवणारी मंडळी मी पाहिली आहेत!

तरीही छापखानेवाल्याची कुरकुर अगदीच खोटी नसते. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि एक्सिफची माहितीही गळून जाते. म्हणजे असा फोटो फोटोशॉपमध्ये ७२चाच दिसणार. ३००च्या हिशेबाने तो जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापता येतो. पानभर ताणला की फाटणारच. दोष ७२चा नाही, वाटेत हरवलेल्या पिक्सेलांचा आहे. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

नवी फाइल उघडतानाच बघा

ही चूक सगळ्यांत महागात पडते, कारण ती शेवटी कळते. ए-फोर पान ७२वर उघडलं तर ते अवघं ५९५×८४२ पिक्सेलचं होतं. ३००वर तेच पान २४८०×३५०८. छोट्या पानात मोठा फोटो पेस्ट करून बसेल इतका लहान केला की त्याचे पिक्सेल तिथेच गेले. पत्रिका पूर्ण झाल्यावर ३०० केलं तरी ते परत येत नाहीत. फोटो आधी ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ केला असेल तर मूळ माल आत शाबूत राहतो. लग्नाच्या १२×३६ इंची अल्बमसाठी सुरुवातीलाच ३००वर ३६००×१०८०० पिक्सेलचं पान घ्या.

क्रॉप टूलही गुपचूप दगा देतं. वरच्या पट्टीत मागच्या कामाची रुंदी, उंची आणि रिझोल्यूशन भरलेलं राहिलं तर पुढचा प्रत्येक फोटो त्याच मापात कापला जातो आणि पिक्सेलही बदलतात. आधी ‘क्लिअर’ दाबा.

फ्लेक्सचं उलटं. १०×२० फुटांचा फलक ३००वर करायला गेलात तर ३६०००×७२००० पिक्सेल, म्हणजे २५९ कोटी पिक्सेल लागतील. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल एका बाजूला ३०,००० पिक्सेलांपुढे जातच नाही. हातातला कागद आपण फूटभरावरून बघतो म्हणून तिथे ३००. चौकातला फलक २० फुटांवरून बघणाऱ्याला पूर्ण मापावर ७२सुद्धा भरपूर होतात.

आणि बँक भरतीचे फॉर्म भरणाऱ्यांसाठी: आयबीपीएसच्या अर्जाला २०० × २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो लागतो. रिसॅम्पलची टिक काढून ३००चे ७२ केलेत तर केबी जवळपास हलणारही नाहीत. तिथे टिक ठेवून थेट पिक्सेलच्या चौकटीत २०० लिहा, आणि तरीही फाइल जड वाटली तर जेपेगची क्वालिटी एकेक पायरी उतरवा.