गुन्हे का होतात? उत्तर लिहिताना या चुका टाळा

इंदूरला रामबागेत आमच्याकडे संध्याकाळी समाजशास्त्रात एमए करणारी चार-पाच मुलं शिकायला येतात, आणि 'समाजात गुन्हे का होतात' हा प्रश्न दिला की निम्म्या वह्यांत पहिली ओळ तीच, गरिबीमुळे. अरे पण बंगल्यातला माणूस मीटरमध्ये गडबड करून वीज चोरतो, तो कुठे गरीब आहे? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँडने 1949 च्या पुस्तकात 70 मोठ्या कंपन्यांचे कायदेभंग मांडलेत, त्याचं म्हणणं की गुन्हा माणूस जवळच्यांकडून शिकतो, त्यातल्या युक्त्या पण आणि 'यात काय एवढं' हे पण.

दुसरं, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमने 1895 मध्ये गुन्हा 'सामान्य' म्हटलाय, 'चांगला' नाही. गुन्हा नसलेला समाज सापडत नाही आणि शिक्षेमुळे बाकीच्यांना हद्द कळते, एवढाच अर्थ. गुन्ह्यांचा दर एकदम वाढला तर तो पण त्याला रोगच म्हणतो.

अ‍ॅनॉमीत तर हमखास घोळ, म्हणजे समाजाचा धरबंध सुटण्याची ही कल्पना दोघांकडे वेगळी आहे. दुर्खाइमकडे नियमच सैल पडतात, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टनकडे (1938) स्वप्न सगळ्यांना सारखं दाखवतात पण तिथवरचा रस्ता सगळ्यांना मिळत नाही. इंदूरच्या भंवरकुआंचा कोचिंगवाला मुलगा घ्या, फुटलेला पेपर विकत घेणारा मर्टनचा 'नवप्रवर्तक' (स्वप्न तेच, रस्ता आडवा), आणि आशा सोडूनही रोज क्लासला जाऊन बसणारा 'कर्मकांडी', जो गुन्हा करतच नाही.

आणि कृपा करून 'काही जमाती मुळातच गुन्हेगार असतात' असं लिहू नका, मला फार त्रास होतो. 1871 च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, तो 1952 मध्ये गेला, पण आपल्या एमपीत पारधी, कंजर म्हटलं की संशय आजही आधी तिकडेच जातो. आमच्या गल्लीत एका बारा वर्षांच्या पोराने एकदा कोणाची तरी सायकल नेली, दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवली, तरी नंतर कोणाची चप्पल हरवली की सगळे त्याच्याच घराकडे बघायचे, आणि वर्षभरात तो खरंच उनाड पोरांत जाऊन बसायला लागला कारण बाकी कोणी खेळायलाच घेईना. गुन्हेगाराचा शिक्का बसला की माणूस तसाच होत जातो, हा बेकरचा लेबलिंगचा सिद्धांत (1963) समजायला मला वेगळं उदाहरण लागलं नाही.

उत्तर अडलंच तर आधी बघा, प्रश्न एका माणसाचा आहे की वस्तीतल्या गुन्ह्यांच्या दराचा. शिकागोत शॉ आणि मॅके या अभ्यासकांना दिसलं की वस्तीतले लोक बदलत गेले, एक गट गेला दुसरा आला, तरी त्याच वस्त्यांत बालगुन्ह्यांचा दर चढाच राहिला. म्हणजे तिथे लोकांच्या स्वभावावर पान भरण्यापेक्षा वस्तीबद्दल लिहा.