हिवाळी सराव आणि घरचा आठवडा: हौशी धावपटूंनो, या चुका टाळा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे. डिसेंबरच्या पानावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, धाकट्याचं गॅदरिंग, चुलत नणंदेकडचं लग्न, आणि त्याच चौकोनांत पेन्सिलीने लिहिलेले माझे आकडे: ६, ८, ५, १६. हे आकडे किलोमीटरचे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते तिथे नव्हते. माझं वेळापत्रक फोनमध्ये होतं आणि घरचं भिंतीवर. हिवाळ्यातल्या माझ्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथे होतं.

पुण्यातली आमच्यासारखी हौशी मंडळी फराळाचे डबे रिकामे झाले की मुंबई मॅरेथॉनच्या तयारीला लागतात. ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. म्हणजे सरावाचे महत्त्वाचे आठ-दहा आठवडे नेमके लग्नसराई, मार्गशीर्षातले गुरुवार, शाळांची स्नेहसंमेलनं, नाताळची सुट्टी आणि संक्रांत यांच्यातून जातात. या काळात काय बिघडतं आणि ते कसं सावरायचं, ते जसं अनुभवलं तसं सांगते.

थंडीने दिलेला वेग आपला समजणं

ऑक्टोबरच्या उकाड्यात सातच्या पेसला, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं या वेगाला, धापा टाकणारी मी डिसेंबरमध्ये साडेसहाने आरामात धावायला लागले. वाटलं, तयारी झाली. खरं तर फरक हवेचा होता. उकाड्यात शरीराला थंड ठेवण्यासाठी बरंच रक्त कातडीकडे वळवावं लागतं; गारव्यात ते स्नायूंच्या वाट्याला येतं. म्हणून तेवढ्याच कष्टात वेग वाढतो. दम सुधारायला काही आठवडे पुरतात, पण हाडं आणि स्नायुबंध यांना कित्येक महिने लागतात. त्यांना हवेशी काही देणंघेणं नसतं.

मी त्या वर्षी एका आठवड्यात लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं, १४ वरून १९ किलोमीटरवर नेला. दम लागला नाही. पुढच्या बुधवारी जिना उतरताना डाव्या नडगीची आतली कड ठणकायला लागली. असं झालं तर आधी बोटाने चाचपून बघा. दुखणं कडेने वीतभर पसरलेलं असेल आणि धावायला लागल्यावर थोडं कमी होत असेल, तर बहुधा नडगीवर ताण आलेला असतो: दहा-बारा दिवस अंतर निम्म्यावर आणा, डांबरी रस्ता सोडून मातीवर धावा, पोटऱ्या मजबूत करा. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर हाड दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि सुरुवातीच्या साध्या एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसत नाही.

इझी रन, म्हणजे मुद्दाम हळू धावणं, खरोखर इझी आहे का, हे कळायला महागडं घड्याळ लागत नाही. तेराचा पाढा मोठ्याने म्हणत धावा. ‘तेरा सक अठ्ठ्याहत्तर’पर्यंत मध्ये श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे. लाँग रन वाढवताना एका वेळी दीड-दोन किलोमीटरच वाढवा, आणि दर चौथ्या आठवड्यात तो मुद्दाम कमी करा. तो कमी केलेला आठवडा लग्नाच्या किंवा गॅदरिंगच्या आठवड्यावर आणून बसवता येतो, याबद्दल पुढे.

पांघरुणातून थेट रस्त्यावर

पहाटे सव्वापाचला बाहेर ११ अंश. उठलो, बूट घातले, निघालो, असं करू नका. रात्रभर आखडलेली पोटरी आणि तळपाय यांना पहिल्या पावलाचा धक्का बसतो. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत सुई टोचल्यासारखं दुखत असेल आणि चार पावलं चालल्यावर बरं वाटत असेल, तर ते टाचेखालच्या पट्ट्याचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. पाय जमिनीवर टेकण्याआधी अंथरुणातच टॉवेलने पंजा आपल्याकडे ओढून धरा, तीसेक सेकंद, तीन-चार वेळा.

मी आता दहा मिनिटं घरातच घालवते. एका बाजूला पाणी कोमट होत असतं, तोवर ओट्याला धरून टाचा वर-खाली, पाय पुढे-मागे झुलवणं, दहा उठाबशा. मग बिल्डिंगच्या गेटपासून पौड रोडपर्यंत नुसतं भराभर चालणं.

कपड्यांचं उलटं असतं: लोक फार घालतात. घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पंधरा मिनिटांत शरीर तापतं. सुती बनियन मात्र नको. ते घामाने भिजतं आणि अंगाला चिकटून राहतं. आजारी पाडतो तो धावून झाल्यावरचा चहा. चांदणी चौकाचा चढ करून टपरीवर ओल्या टी-शर्टात अर्धा तास गप्पा मारल्या की दुसऱ्या दिवशी घसा धरलाच. पिशवीत कोरडा टी-शर्ट ठेवा, आधी तो बदला, मग चहाचा ग्लास हातात घ्या.

तहान लागत नाही म्हणून पाणी न पिणं हीसुद्धा याच ऋतूतली चूक. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे तो आल्याचं कळतच नाही. एकदा लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. किलोभर कमी भरलं, तर साधारण लिटरभर पाणी गेलं.

धूर, अंधार आणि कुत्री

हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर न जाता खालीच साचतो. त्यात पाचोळा जाळणारे, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शेकोट्या, नदीकाठच्या रस्त्यावरचा कचऱ्याचा धूर. घशात खवखव आणि डोळ्यांत चुरचुर असेल तर त्या दिवशी जोराचा सराव करू नका. आठनंतर ऊन पडल्यावर जा किंवा बिल्डिंगचे जिने चढा. धावल्यानंतर दर वेळी दहा-पंधरा मिनिटं कोरडा खोकला येत असेल, छातीतून शीळ वाजत असेल, तर ‘थंडीचा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. गार कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

जानेवारीत पुण्यात सातशिवाय सूर्य दिसत नाही. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेताने रस्त्याच्या उजव्या कडेने धावा, अंगावर चमकणारी पट्टी असू द्या आणि कानात काही घालू नका. या दिवसांत गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्लं असतात, त्यामुळे कुत्री जास्त अंगावर येतात. पळू नका, चालायला लागा.

सगळा रविवार खाऊन टाकणं

आता ज्या चुकीला औषध नाही, तिच्याबद्दल.

बहुतेक ग्रुपचा लाँग रन रविवारी असतो. पाचला निघायचं, साडेआठला संपवायचं, मग सगळ्यांबरोबर नाश्ता, दहाला घरी, अंघोळ, जेवण आणि चारपर्यंत झोप. घरच्यांच्या वाट्याला येतो तो रविवारची संध्याकाळ आणि एक दमलेला माणूस. असे लागोपाठ नऊ रविवार मी घेतले. कुणी काही बोललं नाही. घरचे बोलत नाहीत म्हणजे त्यांना चालतं, असं समजणं हीच ती चूक.

त्याच डिसेंबरमध्ये एका शनिवारी मुलाचं गॅदरिंग होतं, संध्याकाळी सहाला. दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं असल्यामुळे मी लाँग रन शनिवारी पहाटे उरकला, १८ किलोमीटर, मग अर्धा दिवस ऑफिस. सभागृहात अंधार, उबदार हवा, मऊ खुर्ची. शिवाजी महाराजांच्या दरबाराचा प्रसंग होता आणि तो मावळा झाला होता. मिशी मीच काजळाने काढून दिली होती, डाव्या बाजूला जरा जास्त वर गेलेली. परत येताना गाडीत तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई, मी तलवार काढली तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो. तुझे डोळे मिटलेले होते.”

त्या रात्री मी सासूबाईंपाशी बसून सगळं सांगितलं. त्यांनी मला रागावलं नाही, समजूतही घातली नाही. कालनिर्णयाच्या खिळ्याला दोरीने बांधलेली पेन्सिल हातात दिली. “तुझं धावणंही इथेच लिहीत जा ना. मला कळेल तरी, की आज मटार सोलायला तुझी वाट बघायची की नाही.”

तेव्हापासून क्रम बदलला. आधी घरचे चौकोन भरतात, उरलेल्यांत मी माझे आकडे लिहिते. सोमवारी काहीच नाही: दोन डबे, सहा पन्नासची शाळेची बस आणि जड पाय, एवढं पुरेसं असतं. मंगळवारी सहा किलोमीटर हळू. बुधवारी चांदणी चौकाचा चढ, कारण त्या दिवशी नवरा घरून काम करतो आणि डबे त्याच्याकडे असतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझा उपवास असतो. पूर्वी त्याच दिवशी टेम्पो रन, म्हणजे एकसारख्या जोराच्या वेगाने धावणं, करून संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीवर भागवायची आणि शुक्रवारी पाय उचलायचे नाहीत. आता गुरुवारी विश्रांती. शुक्रवारी संध्याकाळी मुलगी सायकलवर आणि मी शेजारी, पाच किलोमीटर. तिला शाळेतलं सगळं सांगायचं असतं, त्यामुळे वेग आपोआप गप्पांचा राहतो. लाँग रन शनिवारी, आठच्या आत घरी. महिन्यातून एकच रविवार ग्रुपबरोबर.

गॅदरिंग, बारसं, साखरपुडा, जे काही असेल, त्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी लाँग रन नाही. दर चौथ्या आठवड्याची कपात मी तिथेच टाकते. लागोपाठ दोन रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली, तर पुढचा जोराचा सराव हळू धावण्यात बदलते. आणि चुकलेला सराव भरून काढायचा नाही. बुधवारचा चढ राहिला म्हणून तो शुक्रवारी करून शनिवारी लांब धावणं, यातून दुखापतीशिवाय काही मिळत नाही.

एवढं करूनही थकवा जात नसेल, चिडचिड होत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर बायकांनी आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही सराव करा, वेग येणार नाही. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं बरंचसं लोह शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवा आणि पालेभाजीवर लिंबू पिळा.

सर्दीत धावायचं का?

नुसतं नाक गळत असेल तर हळू धावायला हरकत नाही. छातीत कफ, अंगदुखी किंवा ताप असेल तर अजिबात नाही. तापात धावल्याने हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका वाढतो. आणि घरातलं लहान मूल आजारी असेल, तर त्या रात्रीच्या जागरणानंतर आपणही आजारी आहोत असंच धरून चला.

शेवटचा आठवडा

संक्रांत आणि शर्यत साधारण एकाच आठवड्यात येतात. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी पोटभर खा, पण शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांत नको. एवढा चोथा पोटात असताना पहाटे धावणं अवघड जातं. तेव्हा वरणभात, दहीभात, बटाटा. हळदीकुंकू शक्यतो पुढच्या आठवड्यात ठेवा, दिवसभर उभं राहणं टळतं. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला आधीच मुंबईला जाऊन एक्स्पो, म्हणजे तो जिथे वाटतात ते प्रदर्शन, गाठावा लागतो. मुलांना घेऊन शनिवारी दुपारी त्या गर्दीत तीन तास फिरू नका, बिब घ्या आणि निघा.

पुणेकरांची सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र रविवारी पहाटे होते. पुण्यातला गारठा कोरडा, मुंबईची जानेवारीतली पहाट त्या मानाने उबदार आणि दमट. घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. माहीमच्या रेतीबंदरवरून अर्ध मॅरेथॉन सुरू होते, लगेच सी-लिंक लागतो, वारा आणि ढोल-ताशा, आणि माणूस डिसेंबरच्या पेसने सुटतो. पुढे पेडर रोडचा चढ येतो तेव्हा पोटरीत गोळे आलेले असतात. पुण्यातल्या पेसमध्ये किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद सोडून द्या, पहिले पाच किलोमीटर त्याहून हळू, आणि प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन घोट तरी घ्या. शेवटच्या तीन आठवड्यांत दोन-तीन इझी रन सकाळी नऊच्या उन्हात केले, तर अंगाला घामाची थोडी सवय होते.

परतताना गाडी स्वतः चालवू नका. एक्स्प्रेस-वेवर क्लच दाबताना मांडीत गोळा आला तर फार वाईट होऊ शकतं. दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या, खालापूरला उतरून पाच मिनिटं चाला, आणि सोमवारची रजा महिनाभर आधीच टाकून ठेवा.