स्मृतिभ्रंश झालेले आजोबा घराबाहेर पडू लागले तर

‘मला घरी जायचंय’ म्हणत आजोबा बाहेर पडू लागले, की सोसायटीचा वॉचमन, वाणी आणि रिक्षा स्टँडवरचे चालक यांना आजाराची कल्पना द्यावी. तो लपवण्यात काहीच शहाणपण नाही. सदाशिव पेठेत आयुष्य काढून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आलेल्या माणसाचे पाय अनेकदा जुन्या वाड्याकडेच वळतात, म्हणून तिथेही शोधावे. सदऱ्याला आतून मोबाइल क्रमांकाची पट्टी शिवावी, अलीकडचा फोटो जवळ ठेवावा आणि ते सापडत नसतील तर वाट न पाहता 112 वर फोन करावा. भेटल्यावर दरडावू नये. ‘चला, चहा घेऊ’ म्हणत सोबत चालावे. निदानाच्या वेळी बी-12 आणि थायरॉइडच्या तपासण्यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण बी-12 जीवनसत्त्व किंवा थायरॉइड संप्रेरक यांच्या कमतरतेमुळे होणारे विस्मरण उपचारांनी सुधारू शकते.